‘किरकोळ चकमक’ आणि मराठी समीक्षा

इंग्रजी कोशांच्या अडगळीत ‘वेलिटेशन’ नावाचा एक जवळजवळ मृतप्राय शब्द पडून आहे. हलक्या शस्त्रांनी झालेली किरकोळ चकमक हा त्याचा एक अर्थ, आणि शाब्दिक वादावादी हा दुसरा. शब्दाचे मूळ रोमन प्रजासत्ताकाच्या सैन्यरचनेत आहे. ‘वेलितेस’ नावाचे हलके भालाईत मुख्य सैन्याच्या पुढे पांगून लढत, शत्रूची फळी विस्कळीत करत आणि जड पायदळ पुढे सरसावले की त्याच्या रांगांमधून मागे येत. त्यांची निवड कोणत्या निकषावर होई, हे पॉलिबियसने नोंदवून ठेवले आहे : वयाने सर्वांत लहान आणि मालमत्तेने सर्वांत गरीब असतील, ते वेलितेस. म्हणजे किरकोळपणा लढाईला चिकटण्यापूर्वी लढणाऱ्याला चिकटलेला होता. कोशांत मात्र हा इतिहास पुसला जाऊन केवळ आकारमान सांगणारा, वरकरणी निरुपद्रवी असा अर्थ उरला.

मराठीतील ‘चकमक’ हा शब्दही याच जातीचा आहे. ठिणगी पाडणारी गारगोटी, दोन तुकड्यांची झटापट आणि सभेतली बोलाचाली या तिन्ही गोष्टी तो एकाच वेळी सांगतो. ठिणगी पडते आणि विझते. वणवा म्हणजे वेगळी गोष्ट. या रूपकातच एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. साहित्यसमीक्षेने तो निर्णय तपासून न पाहता स्वीकारला, आणि त्याची किंमत सातपुड्याच्या लोकांनी चुकती केली.

प्रश्न केवळ शब्दाचा आहे असे वाटणाऱ्यांनी खानदेशाकडे पाहावे. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख खानदेशाच्या पश्चिम टोकाचा भाग होता. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि भिल्ल नाईकांशी संघर्ष लगेच सुरू झाला. डोंगरवाटा राखण्याबद्दलचे आणि गावांकडून येणारे जे हक्क नाईक परंपरेने आपले मानत होते, त्यांना नव्या सत्तेच्या हिशेबात ‘उपद्रव’ हे नाव मिळाले. हक्क वसूल करण्याच्या कृतीला ‘धाड’ म्हटले की हक्काचा प्रश्न आपोआप निकालात निघतो, ही सोय प्रशासनाला चांगलीच मानवली. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. रोमन प्रतिमानाचे इतके हुबेहूब वसाहतिक रूप क्वचितच सापडेल : डोंगरातला गरीब लढवय्या सरकारच्या बाजूने लढला की ‘हलके पायदळ’, आणि विरुद्ध लढला की ‘लुटारू’. हातातली शस्त्रे आणि पायाखालच्या वाटा त्याच असल्या तरी नाव मात्र दोन वेगळ्या वह्यांत लिहिले जाई.

एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणी येथे भीमा नाईक आणि खाज्या नाईक यांच्या लोकांची इंग्रजी फौजेशी गाठ पडली. खाज्या नाईक हा पूर्वी सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, म्हणजे एके काळी सरकारच्याच वहीतला माणूस. भीमा नाईकाला पुढे अंदमानात धाडण्यात आले. या साऱ्याला मराठीत रूढ झालेला शब्द आहे ‘भिल्लांचे बंड’. वास्तविक ‘बंड’ या शब्दाविरुद्ध मराठीत एकदा मोठी मोहीम झालेली आहे. १८५७ ला ‘बंड’ म्हणू नये, ते ‘स्वातंत्र्यसमर’ होते, असा आग्रह सावरकरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरला आणि तो आग्रह मराठी मनाने मानला. पण शब्दाची ही बढती दिल्ली, कानपूर आणि झाशीपाशी थांबली. एका वर्षाने मागे पडलेला सातपुडा ‘बंडा’तच राहिला.

येथे सहसा दिले जाणारे उत्तर असे, की युद्ध म्हणण्याइतके त्या लढ्याचे प्रमाणच नव्हते. हे उत्तर खुद्द साम्राज्याच्या लष्करी शास्त्रालाही मान्य होणारे नाही. सी. ई. कॉलवेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८९६ मध्ये ‘स्मॉल वॉर्स’ हा ग्रंथ लिहिला. ‘छोटे युद्ध’ या संज्ञेचा मोहिमेच्या आकाराशी खास संबंध नाही, हे त्याने आरंभीच स्पष्ट केले आहे. दोन्ही बाजूंना नियमित सैन्य असेल तर ते मोठे युद्ध. एका बाजूला नसेल तर ते छोटे, मग त्यात कितीही माणसे मरोत. म्हणजे ‘छोटे’ हे मोजमाप नसून पात्रतेचा दाखला आहे. जे सत्य साम्राज्याच्या सेनाधिकाऱ्याने निःसंकोच सांगून टाकले, ते मराठी अभ्यासकाला अजून अडचणीचे वाटते.

याहून गमतीची गोष्ट ‘गनिमी कावा’ या शब्दाची आहे. ‘गनीम’ म्हणजे शत्रू; मोगलांच्या बाजूने मराठ्यांना दिलेले हे नाव. शत्रूने दिलेले नाव मराठ्यांनी अंगावर मिरवले आणि त्याचा गौरव केला, इतका की शत्रूपक्षाचा तो शब्द आज शालेय पाठ्यपुस्तकांचे भूषण आहे. डोंगराचा आश्रय, अचानक हल्ला, झपाट्याने माघार, रसदेवर घाव ही सारी लक्षणे भिल्लांच्या लढण्यातही आहेत. मग एकाच लक्षणसमूहाला सह्याद्रीत ‘युद्धनीती’ आणि सातपुड्यात ‘धाड’ का म्हणावे? याचे उत्तर लढण्याच्या पद्धतीत सापडणार नाही. सह्याद्रीतल्या लढाईतून राज्य उभे राहिले आणि राज्याने बखरी लिहविल्या, हेच ते उत्तर. समीक्षेने निदान एवढे तरी कबूल करावे.

पण समीक्षा याच्या नेमके उलट वागली. रणजित गुहा यांचा ‘द प्रोझ ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी’ हा निबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर मराठी चर्चासत्रांतून ‘वंचितांचा इतिहास’, ‘प्रतिरोधाची संहिता’ हे शब्द मुक्तपणे फिरू लागले. सरकारी कागदातली नामे आणि क्रियापदे उलटी करून वाचावीत, ही गुहा यांची मूळ शिकवण. ती मराठी कागदाला, मराठी कोशाला, मराठी पाठ्यपुस्तकाला लावण्याचे कष्ट मात्र फारसे घेतले गेले नाहीत. उसन्या परिभाषेची ही नेहमीची सोय आहे : इंग्रजी शब्दाने इंग्रजांवर टीका करावी आणि घरातली वही बंदच ठेवावी.

परिणाम दिसतो तो साहित्याच्या मूल्यमापनात. आदिवासी मौखिक परंपरेविषयी ‘प्रसंगनिष्ठ’, ‘तुटक’, ‘महाकाव्यात्मक आवाका नसलेली’ अशी विशेषणे वापरली जातात, तेव्हा ‘किरकोळ चकमक’ हीच संकल्पना लष्करातून साहित्यशास्त्रात आलेली असते. महाकाव्याला महायुद्ध हवे. ज्यांच्या वाट्याला फक्त चकमकी आल्या त्यांना फक्त प्रसंगगीते. या तर्काचा पायाच कच्चा आहे. नर्मदाकाठच्या भिल्लांमध्ये इंदलाच्या प्रसंगी गायले जाणारे ‘गायणे’ दीर्घ आहे, आणि त्याचा विषय युद्ध नसून सृष्टीची उत्पत्ती आहे. समाजाने आपला दीर्घ स्वर कशासाठी राखून ठेवावा, हे समाज ठरवतो. त्याने तो रणांगणावर न खर्चता पृथ्वी, पाणी आणि बियाणे यांच्या जन्मावर खर्चला, तर त्यात उणीव शोधणारा समीक्षक स्वतःच्या शास्त्राची मर्यादा सांगत असतो.

अर्थात, आंबापाणीला ‘महायुद्ध’ म्हणावे आणि खाज्या नाईकाला राष्ट्रीय महाकाव्यात एखादा सर्ग द्यावा, हा उपायही फसवा आहे. अलीकडे तो लोकप्रिय झाला आहे. पुतळे उभे राहतात, जयंत्या साजऱ्या होतात, त्यांना हरकत नाही. परंतु या बढतीत लढ्याचे कारणच गळून पडते. नाईकाचा दावा घाटावरचा, वाटेवरचा, रानावरचा होता. त्याचे रूपांतर अमूर्त राष्ट्रप्रेमात केले की आजच्या रानाविषयी, आजच्या जमिनीविषयी काही विचारण्याची गरज उरत नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती हातून गेलेल्या जमिनींच्या आणि सालदारांच्या प्रश्नावर. खाज्या नाईकाच्या गौरवग्रंथांना तिच्याशी नाते सांगण्याचा सहसा धीर होत नाही. त्याच संघटनेत घडलेल्या वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मराठीचे विद्यार्थी वाचतात. एकाच्या दुःखाविषयी व्यासपीठावरून दुसऱ्याने बोलावे, ही तिच्यातील विसंगती वर्गात ‘आशय’ म्हणून समजावून सांगितली जाते, आणि पुढच्याच तासाला तोच वर्ग इतिहासखंडाच्या पार्श्वभूमीत ‘भिल्लांचे बंड’ लिहून घेतो.

‘चकमक’ शब्दाचे आणखी एक स्थित्यंतर राहिलेच. आजच्या मराठी वर्तमानपत्रात तो प्रामुख्याने पोलिसांच्या गोळीबाराच्या बातमीत भेटतो. दोन बाजूंची झटापट हा त्याचा मूळ अर्थ. गोळ्या दोन्ही बाजूंनी सुटल्या होत्या काय, हे अनेकदा न्यायालयालाच शोधावे लागते, मथळा मात्र ते आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. हा मथळा लिहिणारा उपसंपादक, ‘बंड’ शिकवणारा प्राध्यापक आणि ‘तुटक’ म्हणणारा समीक्षक हे एकाच कोशातून शब्द घेतात. त्या कोशाची दुरुस्ती पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत बसून होणारी नाही. नंदुरबार जिल्ह्यात देहवाली, मावची, पावरी बोलणारी माणसे आहेत. लढणे, अडवणे, लुटणे, हक्क घेणे यांसाठी त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. आदिवासी साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याने संदर्भसूचीत गुहा यांचे नाव घालण्यापूर्वी धडगावच्या बाजारात जाऊन ते शब्द ऐकावेत, आणि ते मराठीत आणताना ‘चकमक’ हा शब्द वापरण्याची आपल्याला इतकी घाई का होते, ते लिहून ठेवावे.