यंत्राची दृष्टी आणि आपले रुग्ण

मधुमेह डोळ्यांत शिरतो तो पाऊल न वाजवता. दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तरी रुग्णाला दिसत असते. दिसेनासे होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अशा रोगात २०१६ साली गुगलच्या संशोधकांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेले निष्कर्ष मोलाचे होते. दृष्टिपटलाच्या सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रांवर शिकवलेला संगणक नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचे निदान करू लागला. त्यांतील काही छायाचित्रे भारतीय नेत्ररुग्णालयांतून गेलेली होती, याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण प्रयोगशाळेबाहेर काय घडले? थायलंडमधील ११ आरोग्य केंद्रांत हेच तंत्र वापरले गेले. २०२० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के यंत्राने नाकारली. अनेक केंद्रांत खोली पुरेशी अंधारी करता येत नव्हती, एवढे साधे कारण! छायाचित्र नाकारले गेले, की दूरच्या रुग्णालयाची खेप गरीब रुग्णाच्या माथी. कित्येकदा परिचारिकेला त्याच छायाचित्रात डोळा निर्दोष दिसत होता.

आपल्या ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांची अवस्था वाचकांना सांगायला नको. तेथे असे यंत्र बसवण्यापूर्वी शासनाने विक्रेत्याला विचारावे : आमच्या केंद्रांत, आमच्या परिचारिकांच्या हातून, आमच्या रुग्णांवर चाचणी झाली आहे काय? आणि नाकारलेल्या छायाचित्रांचा आकडा कोठे आहे?