सहीमागचे बळ

शिवोलीच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की चोपडे लागते, आणि तिथूनच मोरजी, मांद्रे, हरमलकडे रस्ता जातो. ज्या भरडाला कधी कुणी विचारत नव्हते, त्याला आधी पर्यटनाने आणि मग २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेल्या मोपाच्या विमानतळाने भाव आणला. आज या पेडणे तालुक्यात जमिनीचे व्यवहार हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. या व्यवहारांत गोव्याबाहेरच्या माणसाला एका गोष्टीचे नवल वाटते : इथे नवऱ्याला एकट्याने जमीन विकता येत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार वेगळा करार न करता लग्न झाले, तर मालमत्ता दोघांची सामायिक होते आणि विक्रीखतावर बायकोची सही लागते. मुलीचा वाटा मुलाइतकाच. बापाने मृत्युपत्र केले तरी निम्म्या मिळकतीवरचा मुलांचा हक्क त्याला डावलता येत नाही. २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. उरलेल्या भारतात जे मिळवायला बायकांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, ते आपल्याकडे दीडशे वर्षे कागदावर आहे.

मग बाई स्वतंत्र का दिसत नाही? २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या स्त्रियांची साक्षरता जवळजवळ ८५ टक्के भरली, पण कामकरी म्हणून नोंद झाली ती शंभरातल्या जेमतेम २२ जणींची. ओहोटीला नदीत उतरून तिसऱ्या काढणारी किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेंडी आणि तवशी घेऊन बसणारी बाई या आकड्यात सुटली असणार, हे मान्य. परंतु नोंद नसणे हीसुद्धा एक कमजोरीच; जी कमाई कागदावर नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. आमचे म्हणणे असे की, कायदा बाईला सहीचा अधिकार देतो. ती सही नाकारण्याची ताकद मात्र तिच्या स्वतःच्या मिळकतीतून आणि पाठीशी असलेल्या बायकांमधून येते. ज्या बाईला पोटासाठी नवऱ्याकडे आणि अडीअडचणीला भावाकडेच पाहावे लागते, ती निबंधकाच्या कचेरीत बोट दाखवतील तिथे सही करते. पैसे जातात दुसऱ्याच्या खात्यात.

बचत गटाचे महत्त्व आम्हाला इथे दिसते. दहा ते वीस बायका ठरल्या दिवशी जमतात, ठरलेली रक्कम टाकतात, त्याच पैशातून एकमेकींना कर्ज देतात, हप्ते वसूल करतात आणि सगळे वहीत मांडतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सहीशिवाय बँकेतून पैसा निघत नाही. घरात जिला हिशेब कुणी विचारला नाही, तिला इथे शिल्लक जुळेपर्यंत उठता येत नाही. थकलेल्या हप्त्याबद्दल शेजारणीला तोंडावर विचारायचे आणि तरी संबंध तुटू द्यायचे नाहीत, हे तर आमच्या मते कुठल्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा मोठे शिक्षण! याचा दाखला गोमंतकातच जन्मलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत दिला. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचत होत्या. पुरवबाईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेच्या दारात नेले. डबे त्या आधीही करीतच होत्या. नवे होते ते बँकेत पत मिळणे आणि एकमेकींना जामीन राहणे.

यावर आक्षेप आहेत, आणि सगळेच फोल नाहीत. गट म्हणजे लोणची-पापड, त्यातून मिळणार किती, असे विचारले जाते. खरेच, बरेच गट चतुर्थीच्या बाजारापलीकडे जात नाहीत, आणि शिकलेल्या मुलीला तिथे करण्यासारखे थोडेच असते. हा दोष गटाचा कमी, बाजारपेठेचा जास्त : हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण किनाऱ्यावरची हॉटेले ती गावातल्या बायकांकडून नियमाने घेतील तरच त्या मानांकनाला अर्थ. दुसरा आक्षेप कर्जाचा. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात लघुकर्जाने किती घरे बुडवली हे आठवावेच. पण तिथे खासगी कंपन्यांनी बचतीची सवय लावण्याआधीच कर्जे ओतली होती; गटात आधी बचत, मग कर्ज. सरकारच्या गृह आधार योजनेचे दरमहा १५०० रुपये असताना ही खटपट कशाला, असेही कुणी म्हणेल. ते पैसे महागाईत उपयोगी पडतात यात वाद नाही, पण ते शासन देते आणि शासनच बंद करू शकते. राहिला बाई स्वतंत्र झाली की घर मोडते हा आक्षेप. एका सहीने मोडणारे घर आधी कशावर उभे होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावे.

शशिकला काकोडकर याच पेडण्याच्या. १९७३ मध्ये त्या गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, आणि मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, राहत्या घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. गरिबाच्या डोक्यावर हक्काचे छप्पर राहिले की त्याचा आवाज बदलतो, हे ज्या तालुक्याला कळते, त्याला बाईच्या खात्यातल्या पैशाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. म्हणून यंदाच्या भाऊबीजेला भावांना एवढीच विनंती : ओवाळणी जरूर घाला, पण वडिलार्जित जमिनीतला हक्क सोडण्याचा कागद बहिणीपुढे सरकवू नका. आणि बहिणींनो, कुठलाही कागद पुढे आला तर गटातल्या चारचौघींना दाखवल्याशिवाय सही करू नका.