पुराणातली वांगी

पुराणिकबुवांची ती गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे. देवळात वांग्यांचे दोष रंगवून सांगून बुवा घरी आले, तो बाईंनी घरातली सारी वांगी फेकून दिलेली! बुवा कपाळावर हात मारून म्हणाले, ‘अगं, पुराणातली वांगी पुराणात!’ या गोष्टीला आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो. पण सोयीचे वचन तेवढे घरी आणायचे आणि गैरसोयीचे देवळातच ठेवून यायचे, ही कला एकट्या आपल्याच बुवांची नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तिला भलताच बहर आला होता. तिथे पोथी होती बायबलची, आणि वांग्यांच्या जागी होती जिवंत माणसे.

दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांवर लाखो काळी माणसे गुलामीत राबत होती. मळेवाले काही स्वतःला पापी समजत नव्हते. रविवारी न चुकता देवळात जाणारी माणसे ती! व्हर्जिनियातील स्ट्रिंगफेलो नावाच्या धर्मोपदेशकाने तर बायबल चाळून गुलामगिरीची पद्धतशीर वकिलीच केली. अब्राहामाच्या पदरी दास होते. मोशेच्या कायद्यात दासांचे नियम आहेत. पौलाने दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगितले आहे. आणि येशूने गुलामगिरीला मनाई केल्याचे कुठे दिसत नाही. मग तुम्ही कोण आक्षेप घेणार? शिवाय नोहाने नातू कनान याला दासपणाचा शाप दिला, ती गोष्ट होतीच. तिच्यात कातडीच्या रंगाचे अक्षरही नाही; पण रंग द्यायला मळेवाले समर्थ होते.

गुलामगिरीचे विरोधकही तेच पुस्तक उघडून उभे राहिले. ते म्हणत, माणूस चोरून विकणाऱ्याला मोशेच्या कायद्यात देहान्त शासन आहे, ते वाचा. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, असेही त्यातच आहे. आणि १८५० साली अमेरिकेने कायदा केला तो नेमका पळालेल्यांना परत धाडण्याचा! मळेवाले यावर पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र पुढे करीत. पौलाने अनेसिम नावाच्या दासाला धन्याकडे परत पाठवले होते ना? पाठवले होते खरे. पण त्याच पत्रात पौल सांगतो की, याला आता दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घरात घे. आणि त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. हा मजकूर मात्र मळ्यापर्यंत पोचत नसे.

कोणत्या पानाची कोणाला भीती वाटत होती, याचा पुरावाही छापील आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती निघाली. तिच्यातून जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ निम्मा भाग गाळलेला होता. योसेफ मिसरात दास होऊन इमानाने राहिला, ती कथा ठेवली. मोशेने इस्राएल लोकांना दास्यातून सोडवून नेले, ती कथा गाळली. पुस्तक खरोखरच धन्यांच्या बाजूचे असते, तर कात्री लावायची गरज का पडली असती?

फ्रेडरिक डग्लस हा मेरीलंडमध्ये गुलामीत जन्मलेला माणूस. चोरून लिहायला-वाचायला शिकला, १८३८ साली निसटला, आणि १८४५ साली त्याने आपली हकीकत छापली. त्याचा एक धनी धर्मसभेला जाऊन मोठा भाविक झाला, तो पूर्वीपेक्षा क्रूर होऊन परतला. एका अधू मुलीला फटके मारताना तो बायबलातील वचन म्हणत असे! पुढे बाल्टिमोरच्या गोदीत डग्लस जहाजांच्या फटी बुजवायचे काम करी. आठवड्याचे सहा-सात डॉलर तो कमावी आणि शनिवारी सारे धन्याच्या हातावर ठेवी. सहा डॉलर मोजून घेतल्यावर धनी कधीकधी सहा सेंट परत देई, उत्तेजनार्थ! डग्लस म्हणतो त्याचा भावार्थ असा की, या सहा सेंटांतच सारी कमाई माझी असल्याची कबुली होती.

याच वादावरून १८४५ साली दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी आपली वेगळी चूल मांडली. त्या संस्थेने गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाला साकडे घालतात, हे लिंकनने ४ मार्च १८६५च्या भाषणात बोलून दाखवले, तेव्हा यादवी युद्धात लाखो माणसे पडून चुकली होती. त्या वर्षअखेर गुलामगिरी कायद्याने संपली. ती वार्ता आपल्या पुण्यापर्यंत पोचली होती; १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील या सदाचारी लोकांनाच.

हे ऐकून माझे एक स्नेही म्हणाले, ‘मग पोथ्यांचा उपयोग काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी!’ मला तसे वाटत नाही. मी काही धर्मपंडित नव्हे. पण माझी एक साधी कसोटी आहे. वचन सांगणाऱ्याच्याच खिशाला त्या वचनाची तोशीस लागते का, तेवढे पाहावे. मळेवाल्याने निवडलेल्या एकाही वचनाने त्याचा एक डॉलर गेला नाही. पौलाने मात्र दुसऱ्याचे देणे आपल्या नावावर मांडायला सांगितले.

मजुरीविषयी बायबलात एक नियम आहे. गरीब मजूर आपल्यातला असो की परका असो, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला असतो. त्याची उपकार म्हणून मिळणारी बक्षिशी नव्हे, मजुरी! या नियमाचा वाद घालायला कुणी उत्साहाने पुढे येत नाही, कारण तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. दिवाळीत आपण धुणेभांडीवाल्या बाईंच्या हातावर पोस्त ठेवतो, फराळाची पुडी देतो, आणि मनाला बरे वाटते. पण तिच्या खाड्यांचे पैसे कापले आहेत का, पगारवाढीचा विषय गेल्या दिवाळीपासून ‘पाहू पुढच्या महिन्यात’वरच अडला आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. पोस्त जरूर द्यावी. पण आधी हिशेब चुकता करावा, आणि तोही दिवेलागणीपूर्वी.