दोनशे रुपये कमी पडले तेव्हा

गेल्या महिन्यात लातूरला शिकणाऱ्या मुलीच्या मेसचे पैसे इथून, नांदेडहून पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइल वाजला. फ्रिजचा हप्ता परत गेला होता. खात्यात कमी किती? फक्त दोनशे रुपये! बँकेने ३०० रुपये दंड आणि त्यावर ५४ रुपये जीएसटी कापला. कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड वेगळाच.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “ओव्हरड्राफ्ट घेऊन ठेवायचा ना!” सासूबाईंनी लगेच ऐकवलं, “अंथरूण पाहून पाय पसरावेत.” खरं कोणाचं?

लातूरच्या आडत बाजारातला व्यापारी सोयाबीनच्या हंगामात बँकेकडून अशीच उचल घेतो. माल विकला की भरतो. त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही, धंदा म्हणतात. मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घर चालवणाऱ्या बाईने तेच केलं तर?

हिशेब बघू या. समजा, वर्षाला १२ टक्क्यांनी दोन हजार रुपये उचलले आणि दहा दिवसांत भरले. व्याज जितके दिवस पैसे वापरले तितक्याच दिवसांचं, म्हणजे साडेसहा रुपयांच्या आसपास. गल्लीत शेकडा पाचने घेतले तर महिन्याला शंभर. आणि हप्ता परत गेला तर ३५४! आकडेच बोलतात.

ही सोय फक्त पगारदारांची नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन खात्यावर ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. २०१८ मध्ये त्याची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार झाली आणि दोन हजारांपर्यंत अटी नाहीत. २०१९ च्या अर्थसंकल्पात बचत गटातल्या, जनधन खातं असलेल्या सदस्य महिलांसाठी पाच हजारांची घोषणा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या गटांसाठी ती प्रत्यक्षात सुरूही झाली. पण आपल्यापैकी किती जणींनी काउंटरवर जाऊन विचारलं? ही सोय आपोआप मिळत नाही, मागावी लागते. खातं सहा महिने नीट चालवलेलं असावं लागतं आणि साधारणपणे घरातल्या एकाच खात्याला ती मिळते, बाईच्या खात्याला प्राधान्य देऊन. म्हणून नवऱ्याने अर्ज करायच्या आधी तुम्हीच करा!

पण सासूबाईही चुकीच्या नाहीत हं. ओव्हरड्राफ्ट म्हणजे मिळकत नव्हे, कर्जच. एकदा खातं उणे झालं की पुढे जमा होणारी रक्कम, मग ती शिलाईची मजुरी असो की लाडक्या बहिणीचे दीड हजार, आधी तो खड्डा भरते. हातात काही उरत नाही, पुन्हा उचल आणि पुन्हा खड्डा. दर महिन्याला उणे राहणारं खातं म्हणजे घराचा खर्चच मिळकतीपेक्षा जास्त. त्याला ओव्हरड्राफ्ट हा इलाज नाही, ते दुखणं झाकणं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड लावून बँकेला तुमचं बचत खातं उणे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. दंड लावण्याआधी कळवून महिनाभराची मुदतही द्यावी लागते. तसं झालं नसेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. शिल्लक ठेवणं जमतच नसेल तर शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं मागा.

मी काय केलं? आधी हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेतली. त्याला एक पैसा लागला नाही. मग अडीनडीसाठी ओव्हरड्राफ्टचा अर्ज दिला. साडीच्या सेलसाठी त्याला हात लावायचा नाही आणि उचलला तर पुढच्या पगारातून आधी तोच भरायचा, असं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. सासूबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “मग हरकत नाही.”