मुंबई पाहावयास जातांना

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. नाताळच्या सुटींत यजमान, सासूबाई व दोन मुलें यांसह त्यांस तीन दिवसांकरितां मुंबईस जावयाचें आहे. सोबत प्रेक्षणीय स्थळांची यादी जोडली असून तींत सतरा नांवें आहेत; "हीं सर्व स्थळें तीन दिवसांत बसवून द्यावीं," अशी विनंति आहे. यादी सुवाच्य आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाहीं. जुन्या सवयीनें आम्हीं तिला पैकींच्या पैकीं गुण दिले आणि ती बाजूस ठेवली. कां ठेवली, हें कळण्यासाठीं आमच्याच एका यादीची हकीकत सांगणें भाग आहे.

आमची थोरली बहीण, जिला सारें घर अक्का म्हणतें, ती १९६३ सालीं लग्न होऊन गिरगांवांतल्या एका चाळींत राहावयास गेली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढें सामाईक गॅलरी, टोकाला नळ. सहा वर्षांनीं मेहुण्यांची बदली नागपुरास झाली आणि चाळ सुटली ती सुटलीच. मेहुणे वारल्यापासून अक्का आमच्याकडे वाईसच असते. २०१८ च्या डिसेंबरांत आम्ही मुंबईस निघालों तेव्हां तिनें एवढेंच सांगितलें, "अरे, मला तुमचें दुसरें कांहीं नको. आमची चाळ तेवढी एकदां दाखव." आम्हीं "हो, हो" म्हटलें व चाळ यादींत दहाव्या क्रमांकावर लिहिली. मास्तर मनुष्य! वेळापत्रकें आखण्यांत हयात गेलेली. पस्तीस मिनिटांचा तास आणि मध्यें दहा मिनिटांची सुटी, या हिशेबानें आम्हीं दहा स्थळें एका दिवसांत बसविलीं आणि तो कागद भाच्याला दाखविला. तो डोंबिवलीचा रहिवासी. कागद पाहून नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ आम्ही दुसऱ्या दिवशीं शिकलों.

सकाळीं साडेआठ वाजतां डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिलों. तीन गाड्या आल्या नि गेल्या. चढणें दूरच, दारापर्यंतही पोंचतां आलें नाहीं. अकरा वाजतां गेटवेपाशीं येऊन घारापुरीच्या लाँचांची चौकशी केली, तों कळलें कीं आज सोमवार, लेणीं बंद. मग टॅक्सी करून राणीची बाग गांठली. ती भायखळ्यास, म्हणजे सकाळीं ज्या स्टेशनावरून आमची गाडी आली तेथेंच! तेथून वाळकेश्वरीं बाणगंगेवर. तोंवर सहा वाजले. अक्काचे पाय सुजले होते. चौपाटीवरून परततांना मोटारींच्या रांगेंत टॅक्सी मुंगीच्या पावलांनीं चालली होती. गिरगांवचें वळण आलें तेव्हां अक्का आमच्या कुटुंबाच्या खांद्यावर मान टाकून झोंपलेली होती. तिला उठविण्याचा धीर झाला नाहीं. "पुढल्या खेपेस पाहूं," असें मनाशीं म्हणून आम्हीं टॅक्सी सरळ बोरीबंदराकडे नेली.

आतां त्या दिवसाची चूक उघड दिसते. आमच्या वाईसारख्या गांवीं मध्यावर उभें राहून चहूंकडे फिरतां येतें. मुंबई तशी नाहीं. ती दक्षिणोत्तर लांब आणि अरुंद अशी पट्टी आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटला संपते, मध्य रेल्वे छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला. दोहोंची गांठ दादरला पडते. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हांपासून हें शहर रुळांच्या कडेकडेनें वाढत गेलें आहे. म्हणून स्थळें प्रसिद्धीच्या क्रमानें लिहूं नयेत. प्रत्येक नांवापुढें त्याचें स्टेशन लिहावें, आणि एका दिवशीं एकमेकांस लागून असलेलीं दोन, फार तर तीन स्थळें घ्यावीं. भगिनींच्या यादींत कान्हेरीचीं लेणीं आणि राणीची बाग एकाच सकाळीं आहेत. कान्हेरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत, पश्चिम रेल्वेच्या वाटेवर. बाग मध्य रेल्वेच्या वाटेवर. यांत सकाळ जाईल ती पाहण्यांत नव्हे, गाड्या बदलण्यांत. शिवाय कान्हेरी व घारापुरी सोमवारीं बंद, बाग बुधवारीं बंद, हेंही यादींत कोठें दिसत नाहीं.

गर्दीलाही भरतीओहोटी आहे. सकाळीं ती दक्षिणेकडे धांवते, संध्याकाळीं उत्तरेकडे. उपनगरांत उतरलेल्या पाहुण्यांनीं साडेदहा-अकरानंतर निघावें आणि चारच्या आंत परतीची गाडी धरावी. तें न साधलें तर रात्रीं नऊपर्यंत समुद्राकांठीं खुशाल बसावें. रविवारीं गर्दी कमी खरी, पण त्या दिवशीं रुळांच्या दुरुस्तीकरितां 'मेगाब्लॉक' असतो. कोणत्या मार्गावर व कोणत्या वेळीं, तें आदल्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत पाहून ठेवावें. गाडींत बायकांचा डबा निराळा असल्यामुळें कुटुंबाचे दोन भाग होतात. तेव्हां कोठें उतरावयाचें हें दोन्ही भागांस पाठ असावें, आणि उतरल्यावर कोणीं कोणास शोधावयास जावें हें आधींच ठरलेलें असावें. दोघेंही शोधूं लागलीं कीं भेट होत नाहीं, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

भगिनींनीं पहिला दिवस बोरीबंदरापासून गेटवेपर्यंतच्या भागास द्यावा. टर्मिनसची इमारत हेंच पहिलें प्रेक्षणीय स्थळ आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानें ती रचली. २००४ पासून जागतिक वारशांत तिची गणना होते. लोक तिच्यांतून धांवत बाहेर पडतात आणि मागें वळून पाहत नाहींत. समोरच्या बाजूस जाऊन दहा मिनिटें उभें राहावें. मग वस्तुसंग्रहालय. तें सगळें पाहण्याचा हट्ट धरूं नये, मूर्तींचें दालन तेवढें नीट पाहावें. तेथून गेटवे पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. पंचम जॉर्जच्या १९११ मधील आगमनाचें स्मारक म्हणून बांधलेली ही कमान १९२४ त पुरी झाली, आणि १९४८ च्या २८ फेब्रुवारीस शेवटचें इंग्रज पायदळ हिच्याखालूनच चालत बोटीवर चढलें. राजाच्या स्वागताची कमान त्याच्या फौजेच्या निरोपास उपयोगीं पडली, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

घारापुरीस एक संबंध दिवस द्यावा. लाँच तासाभरांत नेते. वर चढावयास शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर डोलीची खुर्ची मिळते, तींत संकोच मानूं नये. लेण्याच्या मागील भिंतींत जी तिमुखी प्रचंड मूर्ति आहे तिला बहुतेक लोक ब्रह्मा-विष्णु-महेश समजून हात जोडतात. हात जोडावे, पण तो सदाशिव आहे, तिन्ही मुखें एका शिवाचींच. मधलें ध्यानस्थ मुख तत्पुरुषाचें. आपल्या डाव्या हाताचें, मिशा असलेलें उग्र मुख अघोराचें. उजव्या हाताचें सौम्य मुख, ज्याच्याजवळ कमळ आहे आणि ज्यांत स्त्रीची कोमलता उतरली आहे, तें वामदेवाचें. अंधार डोळ्यांस सरावेपर्यंत हे भेद दिसत नाहींत, म्हणून आंत शिरतांच फोटोची घाई करूं नये. आमच्या नातीला आम्हीं हें सांगितलें नव्हतें, "यांतला रागावलेला कोण?" एवढेंच विचारलें. ती पाव तास तेथून हलली नाहीं.

राहिलेलीं बारा-तेरा नांवें खोडावीं. मुलांचें पुढल्या खेपेस पाहणें होतें. पण पत्र पुन्हां वाचतांना आम्हांस एक गोष्ट खटकली. मुलांस मत्स्य पाहावयाचे आहेत, यजमानांस क्रिकेटचें मैदान पाहावयाचें आहे, हें सारें त्यांत आहे. सासूबाईंस काय पाहावयाचें आहे, याचा उल्लेख नाहीं. त्यांस कोणीं विचारलें आहे काय?

अक्काला घेऊन आम्ही पुन्हां मुंबईस गेलों तें २०२५ च्या नोव्हेंबरांत. मध्यंतरीं साथीचीं वर्षें गेलीं, तिचें मोतीबिंदूचें ऑपरेशन झालें, आमचें सेवानिवृत्तीचें कागदपत्रांचें काम लांबलें. सबबी पुष्कळ असतात. या वेळीं यादी नव्हती. दुपारीं बाराच्या सुमारास बोरीबंदराबाहेर येतांच अक्का आपण होऊन थांबली. १९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम येथून दादरला गेली, ती पाहावयास ती आणि मेहुणे गर्दींत उभीं होतीं, हें आम्हीं तिच्या तोंडून साठ वर्षांत प्रथमच ऐकलें. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो महिन्यापूर्वींच पुरी सुरू झाली होती. सरकत्या जिन्याला भिऊन तिनें लिफ्ट पत्करली. टर्मिनसपासून गिरगांव दुसरें स्टेशन. बसून श्वास घेतो न घेतो तों उतरावयाचें.

गल्ली तिनेंच ओळखली, कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळावरून. चाळ मात्र नव्हती. तेथें वीस-बावीस मजल्यांची इमारत उभी होती. शेजारच्या वृद्ध दुकानदारानें सांगितलें कीं चाळ २०२१ सालीं पाडली. आम्हीं मनांतल्या मनांत वजाबाकी केली. अक्का कांहीं बोलली नाहीं. हात डोळ्यांवर धरून तिनें दुसरा मजला कोठें येईल याचा अदमास घेतला, आणि मग फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलें, "कायरे बाबा, येथें आतां नळाला दिवसभर पाणी असतें का?"

"असतें, आजी."

"आम्ही पहाटे चारला उठून भरत होतों," ती म्हणाली, आणि चौपाटीच्या दिशेनें चालूं लागली. रस्ता आम्हांस विचारला नाहीं. आम्ही मागून गेलों. त्या दिवशीं दुसरें कांहींच पाहिलें नाहीं.

भगिनींची यादी या टपालानें परत पाठवीत आहों. पहिला आणि तिसरा दिवस आम्हीं भरला आहे. मधला, म्हणजे पाय ताजे असतांनाचा दिवस, कोरा ठेवला आहे. तो सासूबाईंस विचारून भरावा व कळवावा, म्हणजे कोणत्या गाडीनें जावयाचें तें लिहून धाडूं.