देवावरचा वाद पोलीस ठाण्यात कशाला?

ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला बसतो आणि नास्तिक माणूस त्या प्रार्थनेवर प्रश्न विचारतो. या दोघांत सन्मानाने बोलणे होऊ शकते काय? आटगावसारख्या ठिकाणी हा विषय काढला, तर 'आपल्याला काय त्याचे?' असे म्हणून आमचेच बांधव उठून जातील. आम्ही धम्माचे लोक. आम्हांला ना ईश्वर, ना चर्च. परंतु हा वाद आमच्या अंगणातूनच जातो, हे आम्हांला येथे स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

मार्च २०१२ मधली गोष्ट आहे. मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकनी मातेच्या चर्चजवळ क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांची रीघ लागली. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांनी जागा पाहिली आणि सांगितले, की हा चमत्कार नव्हे. जवळचा सांडपाण्याचा निचरा तुंबला आहे आणि ते पाणी केशाकर्षणाने वर चढून झिरपते आहे. (मुंबईच्या गटारातले पाणी मुळात येते कोठून? आमच्या तानसा-भातसाचे! इर्ल्यात त्याला लोक हात जोडत होते. येथे शहापूर तालुक्यात मे महिन्यात आमच्या आयाबहिणी पाड्यावर टँकरची वाट पाहतात. त्यांच्यासाठी अजून तरी कोणता चमत्कार झालेला नाही.)

एडामारुकु तेवढ्यावर थांबले नाहीत. दूरचित्रवाणीवर त्यांनी चर्चवर चमत्काराचा धंदा केल्याचे आरोप केले. काही कॅथलिक संघटना चिडल्या. माफीची मागणी झाली, त्यांनी ती नाकारली, आणि भारतीय दंड विधानाच्या कलम २९५-अ खाली पोलिसांत तक्रारी गेल्या. अटक टाळण्यासाठी ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले. प्रश्न होता भिंतीतल्या ओलीचा. उत्तर मिळाले दंड विधानाचे!

वास्तविक या पाण्याला चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हटलेले नव्हते. शंका घेणे ही तर कॅथलिक चर्चच्या घरातलीच रीत आहे. संतपद देण्यापूर्वी विरुद्ध बाजू मांडणारा एक अधिकारी तेथे शतकानुशतके नेमला जाई. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. आमच्या व्यवसायाला इतका मानाचा शब्द दुसऱ्या कोणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९८३ मध्ये हे पद जवळजवळ मोडीत निघाले. तरीही मदर तेरेसांच्या चौकशीच्या वेळी चर्चने क्रिस्टोफर हिचन्स या कट्टर नास्तिक लेखकाला साक्षीला बोलावले. या गृहस्थाने १९९५ मध्ये मदर तेरेसांवर अख्खे टीकेचे पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले आणि ते मान्य झाले नाही. २०१६ मध्ये मदर तेरेसा संत झाल्या. हिचन्सने मत बदलले नाही, चर्चनेही बदलले नाही. कोणाचे काय बिघडले? ज्या चर्चला वॉशिंग्टनमध्ये नास्तिकाची साक्ष चालते, त्याच चर्चच्या मुंबईतल्या भाविकांना पोलिसांकडे धाव का घ्यावी लागावी?

आता कायद्याचे पाहू. कलम २९५-अ हे १९२७ साली इंग्रजांनी आणले. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून बसले आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरविले, पण बजावून सांगितले की जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच यात बसतो. शासनाच्या मंजुरीवाचून न्यायालय अशा गुन्ह्याची दखलसुद्धा घेऊ शकत नाही. हे सारे कागदावर झाले. अटक मात्र आधीच होऊ शकते, आणि तालुक्याच्या ठाण्यात 'भावना दुखावल्या' एवढे दोन शब्द पुरतात.

हे दोन शब्द आंबेडकरी माणसाला नवे आहेत काय? ज्या १९२७ साली हे कलम आले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. पुढे १९८७ मध्ये शासनाने 'रिडल्स इन हिंदुइझम' छापले, तेव्हा राम-कृष्णावरचे परिशिष्ट गाळा म्हणून हीच आरोळी उठली होती. १९८८च्या फेब्रुवारीत लाखो भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर उतरले, म्हणून ते परिशिष्ट राहिले. तेव्हा भावना दुखावल्या म्हणून पुस्तक कापू नका असे आम्ही म्हणालो. मग इर्ल्याच्या वेळी आमचे तोंड बंद का?

दुसरी बाजू याहून बोलकी आहे. 'फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड' या मंडळीचे काही लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की आमची येशूवर श्रद्धा आहे, पण येशूने कोणताही धर्म स्थापन केला नाही, म्हणून आम्ही ख्रिस्ती धर्माचे नाही आणि कोणत्याच धर्माचे नाही. राजपत्रात तशी नोंद करून हवी होती आणि शासन ती करीत नव्हते. न्या. अभय ओक व न्या. चांदुरकर यांनी २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला, की अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'माझा कोणताही धर्म नाही' असे म्हणण्याचा हक्क येतो आणि शासन कोणावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. महाराष्ट्रातल्या नास्तिकांना हा हक्क कोणी मिळवून दिला? येशूच्या भक्तांनी! आमच्या पुरोगामी मित्रांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

या मित्रांशीही थोडे बोलावयाचे आहे. पाड्यावरची कातकरी बाई आजारी लेकरासाठी प्रार्थनेला बसली, तर तिला हसणे म्हणजे विज्ञाननिष्ठा नव्हे. दवाखाना किती कोस लांब आहे, तेथे रात्री डॉक्टर असतो की नाही, हे आधी विचारा. आणि प्रार्थना चालली म्हणून जो जमाव घरात घुसतो, तो नास्तिक नसतो. त्याला आपल्या बाजूचा समजण्याची चूक कोणी करू नये. त्याच वेळी प्रार्थनेला आलेल्या पाळकांनाही सांगितले पाहिजे, की साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग मंत्र कोणत्याही धर्माचा असो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो झाला. पण त्याच कायद्यात घरातली, मंदिरातली, दर्ग्यातली, चर्चमधली प्रार्थना मोकळी ठेवली आहे. तिने कोणाला शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान होऊ नये, एवढीच अट. श्रद्धाळू आणि नास्तिक यांच्यातली सीमा यापेक्षा सोप्या शब्दांत आखता येईल, असे आम्हांला वाटत नाही.

महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बाबा पदमनजींसारखे ख्रिस्ती मित्र त्यांना होते, पण ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एक कुटुंब रंगविले आहे. त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, तरी सारे एका घरात प्रेमाने नांदतात. तथागतांनी तर ब्रह्म्याचा मार्ग सांगणाऱ्या ब्राह्मण तरुणांना एवढेच विचारले होते, की तुमच्यापैकी कोणी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? तरुणांनी उत्तरे दिली, पुढचे प्रश्न झाले. कोणी कोणावर फिर्याद केली नाही.

आटगाव परिसरातील कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. येत्या २५ डिसेंबरला सकाळी आपण मनुस्मृती दहन दिन साजरा करूच. त्याच दिवशी ख्रिस्ती बांधवांचा नाताळ असतो. त्यांची उपासना आटोपली की दुपारी विहारात त्यांना बोलवा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनाही बोलवा. दोन्ही बाजूंनी प्रश्न लिहून आणावेत, उत्तर पुरे होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये. ज्याला शेवटची कसारा लोकल धरावयाची आहे, त्याला आधी बोलू द्यावे.