यादीत ओढा दिसत नाही



मागच्या वर्षी आमच्या गावात लहान बाळांच्या लसीकरणाचं सत्र झालं. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागली, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला. तरी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून एकही बाळ आलं नाही. "ते लोक येतच नाहीत," असं सगळे म्हणाले. मलाही ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, "बाई, आमच्याकडं कोणी सांगितलंच नाही."

परिसर अभ्यासात दिशा, चिन्हं, नकाशा आपण शिकवतोच. पण वर्गाचा नकाशा काढला की धडा संपतो. या वेळी मुलांना जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे अख्खं गाव काढायला लावलं. अंगणवाडी, उपकेंद्र, हातपंप, गिरणी, प्रत्येक वस्ती. मग आशाताईंना बोलावलं. सत्राची बातमी जिथे कळली तिथे हिरवी टिकली, नाही कळली तिथे लाल. सगळ्या लाल टिकल्या ओढ्यापलीकडे! तिथे रेंज नाही, पावसाळ्यात वाटही बंद. ताईंच्या यादीत ती घरं होती. पण यादीत ओढा दिसत नाही.

ताईंना मी दोष देत नाही. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. ती हजार माणसं एका गल्लीत राहतात की पाच वाड्यांवर, हे त्या आकड्यात कुठे असतं? मतदार यादीची कामं केलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

मुलांना जॉन स्नोची गोष्ट सांगितली. १८५४ मध्ये लंडनच्या या डॉक्टरने कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. मात्र आपल्या नकाशात कुणाच्या घरात कोणता आजार हे अजिबात येऊ देऊ नका. गाव लहान असतं, बोट लगेच दाखवलं जातं. घर, वाट, पाणी आणि निरोप पोहोचला का, एवढंच पुरे.

माझं म्हणणं, असा नकाशा शाळा व्यवस्थापन समितीने दरवर्षी ग्रामसभेत मांडावा. मार्ग मुलंच सुचवतात. "आई दर आठवड्याला गिरणीत येते," असं त्या मुलीनेच सांगितलं. आता सूचना गिरणीवर लागते, आणि वाचता न येणाऱ्यांना गिरणीवाले काका तोंडी सांगतात. पुढच्या सत्राला त्या वस्तीवरून चार बाळं आली. सत्र मात्र अजून ओढ्याच्या अलीकडेच भरतं. ते पलीकडे न्यायचं, तर पालकांनीच आता ग्रामसभेत उभं राहायला हवं.